पाहुणीचं पूर्ण नाव

गु. २८ नोव्हेंबर
क्लासवर मा. ह. चा तास घेतला. मानवी हक्क हा घटक पोरं पाठ करून येतात, त्यामुळं एक प्रश्न वाकडा टाकला की सगळे खाली पाहतात. विचारलं, दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न भारतानं संयुक्त राष्ट्रांत कधी नेला? एक जण म्हणाला, "सर, स्वातंत्र्यानंतर." चूक. १९४६. तिथल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार होती ती, आणि आपण स्वतः तेव्हा पारतंत्र्यात. ज्याच्या घराला कुलूप दुसऱ्याचं, तो शेजाऱ्याच्या दारासाठी भांडायला गेला. हे वाक्य माझं आहे. पोरांनी वहीत उतरवून घेतलं.

काळमेघ सरांनी (स्पर्धा परीक्षा क्लासचे मालक) नंतर केबिनमध्ये बोलावलं. १० डिसेंबरला मानवी हक्क दिनाचा कार्यक्रम, हॉल बुक केला. "भाषण तुमीच ठोका. तुमच्याएवढं डिटेल अमरावतीत कोनाले येते?" विषय ठरला: मानवी हक्क आणि भारताची बांधिलकी. सर एम. ए. आहेत, मी बारावीनंतर कॉलेजची पायरी चढलो नाही. त्यांच्या एम. ए. पोरांना मीच शिकवतो. लिहायची गरज नव्हती, तरी लिहिलं.

र. १ डिसेंबर, अकोला
विजयकडे आलो. सौ.चा धाकटा भाऊ, कृषी विद्यापीठाच्या मागं घर. वरची खोली त्यानं त्या अफगाण मुलीला दिली आहे. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर एम. एस्सी.ला आली, मागं तिच्या देशात सरकार पालटलं, मुलींना विद्यापीठं बंद झाली, ती इथंच पीएच. डी. करून राहिली. विषय संत्र्याची फळगळ. आली तेव्हा 'स्थानिक पालक' म्हणून सही मी केली होती. मला काका म्हणते. सौ.नं तिला पाटवड्या शिकवल्या, विजयच्या बायकोनं बोलणं.

"बसा नं काका, मी चाय मांडून राहिली." विजय हसून हसून लोळतो.

तिला विचारलं, भाषणात तुझं उदाहरण देऊ का? आपल्या देशाची बांधिलकी पुस्तकात दाखवण्यापेक्षा माणसात दाखवलेली बरी. तिनं बराच विचार केला. "मेरा नाम लीजिए. अच्छा लगेगा कि लोग जानें. अब्बा का नाम मत लीजिएगा."

वडील तिथं सरकारी वकील होते. त्यांनी ज्यांना तुरुंगात धाडलं ते आता बाहेर आहेत आणि त्यांच्याच हातात बंदुका आहेत. म्हणून वडील स्वतःचं गाव सोडून ——— शहरात राहतात, ——— बाजारात ———चं दुकान चालवतात, स्वतःला दुसऱ्याच कोणाचे नातेवाईक सांगतात. सगळं नीट विचारून घेतलं. तपशील पक्का पाहिजे. म्हणालो, माझा शब्द. वडिलांचं नाव घेणार नाही.

"काका का शब्द पक्का."

बु. ४ डिसेंबर
फ्लेक्सचा नमुना आला. पाहुणी म्हणून त्या मुलीला बोलावलं आहे, तिचं नाव अर्धंच छापलेलं. पोराला झापलं. माझ्या हजेरीतसुद्धा अपुरं नाव चालत नाही हे सगळ्या क्लासला माहीत आहे. विजयला फोन लावला, त्यानं तिच्या विद्यापीठाच्या ओळखपत्रावरून पूर्ण नाव वाचून दाखवलं, मी अक्षर अक्षर उतरवलं. काळमेघ सर म्हणे, कावून एवढं लांबलचक? म्हटलं, पाहुण्याचा मान असतो.

मं. १० डिसेंबर
झालं. चांगलं झालं.

हॉल भरला, मागं उभे. १९४६ पासून सुरुवात केली, जाहीरनामा, तिबेटी लोक, एकाहत्तरचे बांगला निर्वासित. मग थांबलो, पाणी प्यालो आणि म्हणालो, आता बांधिलकी प्रत्यक्ष पाहा. तिला उभं केलं. ओळख आपल्या पद्धतीनं करून दिली: पूर्ण नाव, मूळ गाव, आता घरचे कुठं, वडील आधी काय करत, आता कुठल्या बाजारात कशाचं दुकान. वऱ्हाडात गाव सांगितल्याशिवाय ओळख होत नाही. वडिलांचं नाव घेतलं नाही. शब्द पाळला.

टाळ्या थांबेनात. ती छातीवर हात ठेवून वाकली आणि लगेच बसली. सौ.चे डोळे ओले. कार्यक्रम संपला तशी मुलगी चहासुद्धा न घेता विजयबरोबर बडनेरा स्टेशनला गेली. गर्दीची सवय नसावी.

रफीकभाईनं (फोटो स्टुडिओवाला) शूटिंग केलं. "सरजी, आज तो आपने रुला दिया."

गु. १२ डिसेंबर
व्हिडिओ क्लासच्या चॅनेलवर चढला. दोनदा पाहिला. सनावळ्या बरोबर, उच्चार बरोबर. एकही चूक सापडली नाही. खाली कोणीतरी लिहिलं, 'असे गुरू पाहिजेत'.

र. १५ डिसेंबर
विजयचा फोन. जेवत होतो.

"भाऊजी, थो व्हिडिओ काढाले लावा. आत्ताच्या आत्ता."
"काय झालं?"
"तिच्या बापाचं नाव हाये म्हनते त्याच्यात."
म्हटलं, शक्य नाही. शब्द दिला होता.
"तुमीच आयका मंग."

ऐकलं. माझाच आवाज. स्पष्ट, सावकाश, मागच्या रांगेला जाईल असा. तिचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. मधला शब्द म्हणजे बाप. आपल्याकडं असतोच, म्हणून तो मला वेगळा ऐकूच आला नाही. त्यांच्याकडं अशी रीत नाही. इथं प्रवेश घेताना तीन रकाने होते म्हणून तिनं मधल्यात वडिलांचं नाव भरलं होतं, तेच ओळखपत्रावर आलं, तेच मी फ्लेक्सवर चढवलं. व्हिडिओत माझ्या डोक्यामागं ते सगळा वेळ दिसतं. आणि पुढं मी शहर सांगितलं. बाजार सांगितला. दुकान कशाचं ते सांगितलं.

पुण्यातल्या तिच्या देशाच्या पोरांनी अभिमानानं तो तुकडा ग्रुपवर टाकला. आपल्या पोरीचा भारतात सत्कार. तिथून तो घरापर्यंत गेला. चुलतभावाचा फोन आला की दोन माणसं दुकानावर येऊन नाव विचारून गेली. खरं नाव.

रफीकभाईनं लगेच काढला. "मेरे यहाँ से तो गया सरजी. अब जिसने उतार लिया उसके मोबाइल में घुस के थोडी मिटाऊँगा."

ताट तसंच राहिलं.

सो. १६ डिसेंबर, अकोला
सकाळच्या बसनं गेलो, सौ. सोबत. मुलगी खाली विजयच्या घरात बसली होती. रडत नव्हती. मोबाईल मांडीवर.

वडिलांनी दुकान उघडलेलं नाही. पहिली रात्र कोणा ओळखीच्याकडं काढली एवढं कळलं, नंतर फोन बंद. आई आणि भाऊ मामाच्या गावी.

मी बोलायला घेतलं. नावाची आपली पद्धत, ओळखपत्र, मला कल्पना नव्हती... तिनं हात वर केला, थांबलो.

"आपने झूठ तो नहीं बोला काका. सब सही बोला."

विजयची बायको चहा घेऊन आली, कोणी घेतला नाही. निघताना मुलगी दारापर्यंत आली, तेवढा रिवाज तिनं मोडला नाही. 'काका' म्हणाली तेही रिवाजानंच असावं.

मूर्तिजापूर गेल्यावर सौ. खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "एक सांगू? तुमी बोलाले लागले का समोरचं मानूस तुमाले दिसत नाई. निस्ता मुद्दा दिसते."

गु. १९ डिसेंबर
ही वही काढून बसलो. जिथं तिचं नाव, शहर, बाजार होता तिथं काळ्या शाईनं खोडलं. नावाच्या जागी 'मुलगी' लिहिलं. संत्र्याच्या जागी आधी दुसरं फळ होतं, तेही बदललं. विजयचं नाव विजय नाही. देश तसाच ठेवला, तेवढं झाकून काय होणार.

खोडलेलं उजेडासमोर धरलं की वाचता येतं. पुन्हा गिरवलं, कागद फाटला.

र. २२ डिसेंबर
क्लासवर सराव परीक्षा. प्रश्न माझाच, दरवर्षी असतो: निर्वासितांच्या १९५१ च्या करारावर भारतानं सही केली आहे. बरोबर की चूक? सगळा वर्ग एका सुरात, "चूक सर."

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मंग सर, जे लोकं आलेले हायेत त्यायचं काय?"

यावर माझं ठरलेलं उत्तर आहे. आपण करारानं बांधलेलो नाही, परंपरेनं बांधलेलो आहोत. करार मोडता येतो, परंपरा मोडत नाही. दरवर्षी टाळी मिळते. आजही म्हटलं. टाळी मिळाली. मी फळा पुसायला वळलो आणि पुसलेलाच फळा पुसत राहिलो.

वडील इथं येऊ शकतील का म्हणून दोन दिवस फोन करून राहिलो. दिल्लीला, ओळखीच्या एका वकिलाला, एका माजी विद्यार्थ्याला जो आता मोठ्या कार्यालयात आहे. तो नम्रपणे बोलला. "सर, व्हिसा लागेल. आणि व्हिसा मागायला त्यांना आधी समोर यावं लागेल." समोर कोण येणार. परंपरा कोणत्या खिडकीवर मिळते, हे त्याला विचारलं नाही.

शु. ३ जानेवारी
मुलीच्या मुक्कामाची मुदत वाढवायची होती, पोलिसांच्या कार्यालयात सोबत गेलो. विद्यापीठाचं पत्र होतं, काम झालं. तिथले हवालदार भले माणूस. तिला बसायला खुर्ची दिली, पंखा लावला. जानेवारीत.

"पीएच. डी. झाली का मंग कुठं जानार बाई?"
ती म्हणाली, "पाहू नं भाऊ."
हवालदारांनी माझ्याकडं पाहिलं. "थांबाच्या चिठ्ठीवर तारीख लागते सायेब. मी कितीकही म्हनलं राहू दे बाई, तरी तारीख लागते."

बाहेर आल्यावर कचोरी घेतली तिच्यासाठी. तिनं अर्धी खाल्ली, अर्धी कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली. आधी माझ्या ताटातली उचलून खायची.

गु. ९ जानेवारी
युरोपातल्या एका देशाचा कार्यक्रम आहे. मुलीच्या देशातल्या वकील, न्यायाधीश, ज्यांच्या जिवाला धोका आहे अशांना बोलावून घेतात. माझ्या नोट्समध्ये तो आहे: 'मानवी हक्कांप्रति बांधिलकी, उदाहरण तिसरे'. मुलीनं वडिलांसाठी अर्ज करायला घेतला. धोका नेमका यांनाच आहे याचा पुरावा मागतात.

पुरावा म्हणजे तो व्हिडिओ. मी पुसायला लावलेला.

रफीकभाईच्या दुकानात गेलो. लग्नाचा अल्बम लावत होता.
"आपने कहा था जड से मिटाओ. मिटाया."
उभा राहिलो.
"बैठो तो." खालचा खण उघडला. "शादीवाले बाद में रोते आते, हमारी फिल्म गुम गई करके. इसलिए एक कापी मैं किसी को बताए बिना रखता." पेनड्राइव्ह हातावर ठेवला, लगेच सोडला नाही. "सरजी, बच्ची जिसको बोले उसी को देना. आपको ठीक लगे उसको नहीं."

मान हलवली. दुसरं काय करणार.

शु. १० जानेवारी
अर्जाला जोडायला माझं निवेदन लिहिलं. ही माहिती जाहीर करणारा मी, अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, एवढ्या लोकांसमोर. इंग्रजीत लिहिण्याआधी मराठीत उतरवलं, सौ.ला वाचून दाखवलं. ती तुरी निवडत होती.

"ते काय म्हनलं तुमी? अनव...?"
"अनवधानानं. म्हणजे लक्षात न येता."
"ते काढा."
"अगं, तसंच झालं ना."
"तुमी ते नाव चुकून नाई घेतलं. हौसेनं घेतलं. मी समोर बसून होती."

तिच्या हातातलं सूप थांबलं नाही. शब्द काढला. त्याच्या जागी काय लिहावं सुचेना, जागा मोकळी सोडून पुढचं वाक्य घेतलं. निवेदन आता जास्त खरं आहे आणि वाचवत नाही.

मं. १४ जानेवारी
संक्रांत. क्लासची पोरं तिळगूळ घेऊन आली. गोड बोला सर. विजयच्या बायकोनं मुलीला हळदीकुंकवाला बसवलं, वाण दिलं, म्हणे, ती गेली नाही कुठं, दिवसभर फोन पाहून राहिली. वडिलांचा अजून पत्ता नाही. पत्ता नाही हे बरं, असं विजय म्हणतो. ज्याचा पत्ता आपल्याला नाही त्याचा त्यांनाही नसेल.

हे मला पटवून घ्यायला आवडलं असतं.

र. २६ जानेवारी
झेंडावंदनानंतर काळमेघ सर. "तेच भाषण पुढच्या महिन्यात दर्यापूरले ठोका. लोकं इचारून राहिले. थो व्हिडिओ कावून काढला पन?"
"घसा बसला आहे."
"मंग बरा झाल्यावर."
सरांना खरं सांगितलं नाही. सांगितलं तर ते दुःखी होतील, आणि मग चारचौघांत सांगतील. दुसऱ्याच्या गोष्टी चारचौघांत सांगणं काय असतं ते... असो.

घरी येऊन नोट्समधलं ते प्रकरण काढलं. 'भारताची बांधिलकी'. खोडावं वाटलं. वाचलं तर त्यात खोटं काही नाही. १९४६ खरं आहे. एकाहत्तर खरं आहे. ती शिष्यवृत्ती खरी आहे, तिच्यामुळंच ती पोरगी आज शिकून राहिली. देशानं तिला जागा दिली होती. देशाच्या वतीनं बोलायला उभा राहिला तो मी होतो. कोणी सांगितलं होतं?

खोडलं नाही. वही बंद केली.

र. २ फेब्रुवारी, अकोला
त्या युरोपीय देशाचं उत्तर आलं. मुलीनं मोबाईल माझ्याकडं दिला. कार्यक्रमात नवे अर्ज तूर्त घेत नाहीत. आपली परिस्थिती आम्ही समजू शकतो. मानवी हक्कांप्रति आमची बांधिलकी कायम आहे.

दोनदा वाचलं. भाषा निर्दोष.

ती हसली. डिसेंबरनंतर पहिल्यांदाच पाहिलं. "काका, ये लोग बिलकुल आपके जैसा लिखते हैं."

विजय म्हणाला, "अवं, असं नाई म्हनू काकाले." ती म्हणाली, "गंमत केली नं."

गंमत होती. रात्रीपर्यंत पुरली.

मं. ११ फेब्रुवारी, वरूड
मुलीला बागेत मोजमाप घ्यायचं होतं, विजयला सुट्टी नव्हती, मी गेलो. तिनं नको म्हटलं नाही. झाडाखाली गळालेली फळं गोळा करून ती कापून पाहत होती, मी पिशव्या धरत होतो. बागवाले आजोबा खाट टाकून बसलेले.

"बाई कोन्या गावची?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. तोंड दाबून धरल्यासारखा गप्प उभा राहिलो. तिनं मान वर न करता सांगितलं, "अकोल्याची."
"अकोल्यात कुठं?"
"विद्यापीठाच्या मांगं."
"तरीच," आजोबा मला म्हणाले, "अकोल्याच्या पोरी अशाच गोऱ्या असतात. मायी सून बी तिकडचीच."

परतीच्या गाडीत ती म्हणाली, अब्बा मला फळ कापायला शिकवायचे, डाळिंब, एकही दाणा न फुटता. कुठं, कोणत्या बागेत, काही विचारलं नाही. पूर्वी विचारलं असतं. मग तिनं मोबाईल काढला. विचारायला पाहिजे होतं का? तिला सांगायचं असेल. आता मला तेही कळेना झालं.

र. २३ फेब्रुवारी
राजापेठला ऑटोची वाट पाहत होतो, सकाळी. फोन वाजला. बाहेरच्या देशाचा नंबर, ओळखीचा नाही.

पुरुषाचा आवाज. अडखळती उर्दू. "आप वो तकरीर वाले साहब?"
तकरीर म्हणजे भाषण. माझा नंबर त्या फ्लेक्सवर खाली छापलेला होता. व्हिडिओत दिसतो.
"कौन बोल रहे?"
"मुझे उस का नंबर चाहिए. लडकी का. मेरा फोन गुम हुआ."
"आप कौन?"
"मैं उस का अपना हूँ."
"नाम बताइए."
गप्प. मग, "नाम फोन पर नहीं."

बाप असेल तर हेच म्हणेल. दुसरा कोणी असेल तर तोही हेच म्हणेल. मागं ऑटोवाले भांडत होते, एक जण 'बडनेरा बडनेरा' ओरडत होता, ते पलीकडं ऐकू गेलं असेल का हाच विचार मनात आला. मी म्हणालो, "मैं किसी को नहीं जानता. गलत नंबर है." कापला.

लगेच उलटा लावला. लागला नाही. पुन्हा लावला. क्लासला न जाता फुटपाथच्या कडेला बसून लावत राहिलो. एक विद्यार्थी थांबला, "सर, तब्येत?" म्हटलं, ठीक आहे.

माझ्या तोंडून एक नंबर जायला पाहिजे होता, कदाचित. डिसेंबरात गेलं ते जायला नको होतं, आज गेलं नाही ते जायला पाहिजे होतं. किंवा नको होतं. तिला फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. उद्याची पहिली बस.

सो. २४ फेब्रुवारी, अकोला
सांगितलं. सौ. शेजारी होती. मुलगी उभी होती ती खाली बसली.

मग विचारायला लागली. सलाम आधी केला की सरळ बोलायला लागले? आवाज जाड होता की बारीक? 'तकरीर' सरळ म्हणाले की थांबून म्हटलं? बोलता बोलता मध्ये खोकले का? अब्बा हर दो बात के बाद खाँसते हैं, काका. खाँसे थे?

मी आठवून पाहिलं. सगळं आठवतं म्हणून ज्याची ख्याती, तो मी. ऑटोवाल्यांचं भांडण शब्द न् शब्द आठवतं. 'बडनेरा बडनेरा' आठवतं. त्या माणसाचा आवाज आठवत नाही. मध्ये एकदा थांबला होता. खोकला होता की लाईन तुटली, सांगता येत नाही.

"और सोचिए."
विचार केला. "सांगता येत नाही पोरी."

विजय म्हणाला, "भाऊजीनं नंबर नाई देल्ला ते बरंच केलं." सौ. म्हणाली, "बाप असन त?"

मुलगी वर गेली, बऱ्याच वेळानं खाली आली. म्हणाली, पुन्हा फोन आला तर नंबर देऊ नका, कापूही नका. एक प्रश्न विचारा. त्यांच्या घरातला, लहानपणचा. उत्तर देतील ते जसंच्या तसं ऐका, हो-नाही काही म्हणू नका, थांबायला सांगा आणि मला फोन लावा. मी ठरवेन.

प्रश्न तिनं माझ्याकडून तीनदा म्हणून घेतला. इथं लिहीत नाही. उत्तर तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

संध्याकाळी घरी आलो. फोन हातात धरून बसलो आहे. सौ. म्हणाली, "जेवून घ्या. द्या तो मायापाशी, वाजला त सांगतो."

दिला नाही.